तोंड पास करायला तू येणार होतीस

सुजे, तू गेलीस हे मला फोनवर कळलं तेव्हा मी मातीच्या डायनासोरच्या तोंडावर ओलं फडकं टाकत होते. तुझ्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचा फोन होता. त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा ‘बरं’ म्हणाले आणि वर विचारलं, मग रविवारी ती कितीच्या गाडीने येतेय? त्या बाई रडायला लागल्या. मी फोन ठेवला, फडकं कडेने दाबून बसवलं, पाणी मारलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं. हात आपले रोजच्यासारखे चालत होते.

अजूनही मला ते पटलेलं नाही. चाळिशीतली धडधाकट बाई तास घेऊन स्टाफरूममध्ये येते, डोकं दुखतंय म्हणते, टेबलावर डोकं टेकते आणि उठतच नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. तू असतीस तर कुठली रक्तवाहिनी ते खोदून खोदून विचारलं असतंस. मला फक्त एवढंच कळत नव्हतं की आदल्या दिवशी फोनवर माझ्याशी कडाकडा भांडलेली बाई दुसऱ्या दिवशी अशी कशी जाते. भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुझी पद्धत नव्हती. जळकोटच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून मी बघतेय, शेवटचा शब्द तुझाच असायचा.

मला राग आलाय, सुजे. तुला चालणार नाही माहीत आहे, पण आलाय.

शाळेनंतर तू प्राणिशास्त्राकडे गेलीस आणि मी बापाच्या मातीकडे. तू लातूरला प्राध्यापक झालीस, मी नांदेडला देगलूर नाक्याजवळ शेड टाकली. बुद्धमूर्ती, पुढाऱ्यांचे अर्धपुतळे, कुणाच्या वडिलांचा, कुणाच्या आजोबांचा. वर्षातून दोनदा भेट व्हायची. अहमदपूरच्या एका शाळेने विज्ञान उद्यानासाठी लांब मानेचा डायनासोर सांगितला म्हणून मी तुला सहज फोन केला, तर तू दुसऱ्याच दिवशी दारात. पुढाऱ्यांची पोटं करून करून तुझा हात तयार झालाय, म्हणालीस, धड तर तुला जमंल, डोक्याचं मी बघते.

खरंच धड जमलं. पाय, शेपूट, ती मैलभर मान, सगळं फायबरमध्ये ओतून अहमदपूरला नेऊन उभंही केलं. डोकं मागे राहिलं. तू म्हणायचीस, ह्यांचं डोकं मागेच राहतं. एवढ्या मोठ्या अंगाला एवढंसं हलकं डोकं, मानेला जेमतेम अडकलेलं. जनावर मेलं की ते पहिलं निखळतं आणि कुठल्या कुठे वाहून जातं. आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, इस्लापूरच्या पलीकडे तेलंगणात, अशा जनावरांची मांड्यांची हाडं मिळाली, मणके मिळाले, पण अख्खं डोकं काही हाती लागलं नाही, हे तू मला अशा तक्रारीच्या सुरात सांगितलंस की जणू खोदणाऱ्यांनी नीट बघितलंच नाही. म्हणून मग परदेशातल्या दुसऱ्या एका लांब मानेच्या जनावराच्या कवटीचा स्कॅन तू शोधलास, तो थ्रीडी प्रिंटरवर तुकड्या तुकड्यात प्लास्टिकचा छापून आणलास, आणि शेडच्या मधोमध स्टँडवर आपण ती कवटी जोडली. जमिनीत दबून मूळ कवटी एका अंगाला चेपली होती, ती संगणकावर आधी सरळ करून घ्यावी लागली, हे तू चहा पिता पिता सांगत होतीस. मला तेव्हाच कळलं की हे काम लवकर संपत नाही.

आमच्या धंद्यात माती पास झाल्याशिवाय साचा घालत नाहीत. हे माझ्या बापाने मला पहिलं शिकवलं. ज्याचा पुतळा, त्याच्या घरचं कुणीतरी येतं. मातीसमोर उभं राहतं, डोकं वाकडं करून बघतं, आमच्या आण्णांचं नाक जरा बसकं होतं म्हणतं. आपण नाक बसवतो. मग ते माणूस गप्प होतं, डोळ्याला पदर लावतं, तेव्हा समजायचं की माती पास झाली. फोटो कितीही चांगला असो, घरच्या माणसाशिवाय बाप पुढे जायचा नाही. हे सगळं तुला सांगून मी चेष्टेत विचारलं होतं, तुझ्या ह्या जनावराला पास करायला घरचं कोण येणार? तू अजिबात हसली नाहीस.

“त्याची भावकी हाय की,” म्हणालीस. “एका अंगाला मगर, दुसऱ्या अंगाला कोंबडी. जे दोघांतबी हाय ते ह्याच्यात असणार. जे दोघांतबी न्हाई ते द्यायचं आसंल तर लई मोठा पुरावा पायजे.”

जगातले सगळे शास्त्रज्ञ हेच करतात, फक्त आपल्याला ते सोप्या शब्दात सांगत नाहीत, असं तुझं म्हणणं. हाड सापडतं, मांस सापडत नाही. मग मांसाचं जिवंत भावकीला विचारायचं. हाडावर जिथे खरबरीत डाग असतो तिथे स्नायू बांधलेला असतो. जिथे बारीक भोकं असतात तिथून शीर आणि नस बाहेर येते. मगरीच्या आणि पक्ष्याच्या डोक्यात त्या जागी काय आहे ते बघायचं, आणि मग हळूहळू हाडावर मांस चढवायचं. तू लाल दोरा घेऊन कवटीच्या मागच्या खिडकीतून खालच्या जबड्यापर्यंत ताणलास आणि म्हणालीस, हा चावायचा स्नायू, आता ह्या दोऱ्यावर माती दे. मी दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड आतून बाहेर करत होते. नाहीतर आम्ही बाहेरूनच करतो, आत लोखंड आणि काथ्या.

तरी पहिल्या झटक्यात माझ्या हातून म्हैसच आली. ओलं रुंद नाक, लोंबते ओठ, भरलेले गाल. लहानपणापासून तेच तोंड जवळून बघितलेलं. तू आत आलीस, चप्पल काढायच्या आधीच म्हणालीस, म्हस ह्याच्या भावकीत न्हाई. गाल गेले, ओठ गेले. दोन दिवसांचं काम तू फळकुटाने ओरबाडून काढलंस आणि मी बघत राहिले. गाल नाहीत म्हणजे हा चारा चघळत नव्हता, पाला ओरबाडून तसाच गिळत होता, दातांच्या झिजेवर तसेच ओरखडे दिसतात, असं तू समजावत होतीस. मी मनात तुझ्या दातांना शिव्या देत होते.

नाकावरून आपलं मोठं वाजलं. कवटीला नाकाचं भोक पार वर, डोळ्यांच्या जवळ. मी नाकपुडी तिथेच केली, भोक जिथे तिथे नाक, त्यात काय विचारायचं? तू म्हणालीस, बरीच वर्षं शहाणेसुरतेही तसंच मानत होते, पाण्यात बुडून वर नाक काढत असेल असं चित्र काढायचे. कुणी म्हणालं सोंड असेल, कारण हत्तीच्याही कवटीत नाकाचं भोक वर असतं. पण हत्ती भावकीत नाही, आणि सोंड हलवायला तोंडावर जे स्नायू लागतात ते मगरीतही नाहीत आणि कोंबडीतही. मला काही पटेना. मग तू मला नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे नेलंस आणि नुसती मुंडकी मागितलीस. कुत्र्याला का मॅडम, असं त्याने विचारलं. डायनासोरला, म्हणालीस. त्याने मुकाट्याने पिशवी भरून दिली, पैसे घेतले नाहीत.

शेगडीवर एका बाजूला चहा आणि दुसऱ्या बाजूला कोंबडीची मुंडकी उकळत होती, ते दृश्य मी विसरणार नाही. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने तर महिनाभर माझ्याकडे चहा घेतला नाही. तू चिमट्याने मांस सोडवत गेलीस आणि कोंबडीचं हाड माझ्या तळहातावर ठेवलंस. हाडात नाकाचं भोक लांबलचक होतं, आणि न उकळलेल्या मुंडक्यावर नाकपुडी होती एवढीशी फट, त्या भोकाच्या अगदी पुढच्या टोकाला. मगरीतही असंच, पालीसरड्यातही असंच. म्हणजे भोक वर असलं तरी नाकपुडी पुढे, तोंडाजवळ. स्टँडवरच्या कवटीवरही पुढच्या हाडावर शिरांच्या खुणा तू बोटाने दाखवल्यास. डोळ्यातलं हाडाचं कडंही दाखवलंस, त्यावरून डोळा केवढा ते ठरतं. मी गप्प नाकपुडी खाली आणली. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की बोलून दाखवायची लाज वाटली. तेवढं तरी बोलायला हवं होतं.

जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायची तुझी हिंमत मला फार आवडायची. रंग कोणता? माहीत न्हाई. तोंडाच्या कडेला कातडं होतं की चोचीसारखं कडक आवरण? शास्त्रज्ञ भांडून राहिलेत अजून, आपण मधलं काहीतरी करू. शाळेचे मुख्याध्यापक शेडवर आले होते तेव्हा त्यांनाही तू हेच सांगितलंस, आणि ते बिचारे पुन्हा पुन्हा विचारत होते, पण मॅडम, नक्की काय होतं?

आणि मग ते हसू.

मी ते केलं नव्हतं, सुजे. तुला फोनवरही तेच सांगत होते. बाकी सगळं तोंड झालं, आणि तू फोटो मागितलास म्हणून पाठवला, तर तुझा लगेच फोन. म्हणालीस, रत्ने, तुझा डायनासोर पंचशील घेऊन आलाय काय? मी मातीकडे नीट बघितलं. जबड्याच्या दोन्ही टोकांना अगदी हलकीशी उचल होती. इतकी वर्षं बुद्धमूर्ती करतेय, हाताला तोंडाचे कोपरे खाली सोडवतच नाहीत. पुढाऱ्यांनाही मी तेच देते आणि घरचे लोक म्हणतात, किती शांत दिसतात हो आण्णा. माझ्या बापाच्याही हाताला हीच खोड होती.

काढून टाक, म्हणालीस. मी म्हणाले, न्हाई काढत. तिथे पहिली-दुसरीची लेकरं उभी राहणार, एवढ्या उंचावरून एवढं मोठं जनावर खाली बघणार. त्याने जरा मायेने बघितलं तर तुझ्या शास्त्राचं काय बिघडतं? तू म्हणालीस, माया दाखवायला तोंडावर कातड्याखाली बारीक स्नायू लागतात, ते आपल्याला आहेत, माकडाला आहेत, म्हशीला आहेत, ह्याला नाहीत. मगरसुद्धा हसल्यासारखी दिसते, तो नुसता जबड्याचा वळसा असतो. मी म्हणाले, म्हणजे ह्याला काही वाटतच नव्हतं? तेव्हा तू एसटीत होतीस, मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

“वाटत आसंल की,” म्हणालीस. “लई वाटत आसंल. तोंडावर दिसत नसंल, एवढंच. जे त्याच्याकडं नव्हतं ते तू त्याला देऊ नगंस, रत्ने.”

मग आपण पुन्हा भांडलो, तू हट्टी, तू हट्टी असं पोरींसारखं. शेवटी म्हणालीस, रविवारी येते, तोवर तोंडाला हात लावू नको, समोर उभं राहून ठरवू. फोन कट झाला. रेंज गेली की तू ठेवलास, कोण जाणे.

तुला जळकोटला आणणार असं कळलं म्हणून मी निघाले. गाडीत मला रडू आलं नाही. शेजारच्या बाईने सीताफळ दिलं ते खाल्लंसुद्धा. मनात एकच चाललं होतं, सुजाताला सांगायला पाहिजे की असा असा फोन आला होता. अहमदपूर आलं, आणि स्टँडच्या अलीकडे शाळेच्या कंपाउंडवरून आपली मान दिसली. उंच, राखाडी, वर डोकं नाही, नुसत्या सळया निघालेल्या.  इतका वेळ जे कानावरून जात होतं ते तिथे आत गेलं. कंडक्टरने दोनदा विचारलं, जळकोटची गाडी लागलीय, उतरायचं ना बाई?

घरी अंगणात माणसं मावत नव्हती. तुझे विद्यार्थी लातूरहून आले होते. त्रिशरण चालू होतं. तुला पांढऱ्या कापडात ठेवलं होतं, आणि मी बघितलं तर ती तू नव्हतीस. हे मला कुणालाच सांगता आलं नाही. नाक तुझं, कपाळ तुझं, हाडं सगळी बरोबर. पण तुझ्या तोंडावर मी कधी हाडं बघितलीच नव्हती. तुझा डावा डोळा बोलताना बारीक व्हायचा, हसताना वरचा ओठ एका बाजूला जायचा, रागावलीस की हनुवटीला खळगे पडायचे. ते सगळं कातड्याखालच्या त्याच बारीक स्नायूंचं काम, तूच शिकवलेलं. ते थांबले आणि तू तिथे नव्हतीस. माणसांची तोंडं करून पोट भरणारी मी, आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं तोंड मला ओळखू येईना. मी इतकी घाबरले की भिंतीला टेकून खाली बसले.

परत आले तेव्हा माती तशीच ओली होती. दुसरं कुणीतरी येऊन बघेल म्हणून थोडे दिवस वाट बघितली. तुझ्या त्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, छान दिसतंय हो. छान दिसतंय म्हणणारं माणूस पास करू शकत नाही. या दोन्ही जिल्ह्यांत मला ‘तू चुकतेस’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही, हे तेव्हा लख्ख कळलं. मग मी तारेचं हत्यार घेतलं आणि दोन्ही कोपरे उतरवले. सोपं नव्हतं. उतरवले की हात पुन्हा वर न्यायचा. शेवटी उकळलेल्या कोंबडीची कवटी समोर ठेवली आणि तिच्या चोचीच्या रेषेवर नजर ठेवून केलं. आता तो तोंडावर काहीही न आणता खाली बघतो. साचा घातलाय, डोकं पुढच्या आठवड्यात अहमदपूरला जाईल. लेकरं काय म्हणतील माहीत नाही. हे भांडण तू जिंकलीस, एकदाचं.

पण एका ठिकाणी मी तुझं ऐकलं नाही, आणि ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

जळकोटला मी भिंतीशी बसले होते तेव्हा बायकांनी मला हाक मारली. दवाखान्यातून आणताना हनुवटीखालची पट्टी सैल झाली होती, तोंड उघडं पडत होतं, तुझ्या मायला जवळ आणायच्या आधी नीट करायचं होतं. कुणाचा हात धजत नव्हता. रत्ने, तुझा हात सवयीचा हाय, तू बांध, म्हणाल्या. मी बांधली. पट्टी गालांवरून वर घेतली, ताणली, डोक्यावर गाठ मारली आणि कडेचे केस सारखे केले.

मग माय आली. दोघींनी धरून आणली. ती तुझ्याजवळ बसली, खूप वेळ बघत राहिली आणि एकदम तिने माझं मनगट धरलं.

“रत्ने, तू तोंडं करतीस, तुला कळतंय. खरं सांग. हासून राहिली ना माझी लेक?”

मी तुझ्याकडे बघितलं. तोंडाचे दोन्ही कोपरे वर होते. तुझं हसू तसं नव्हतं, सुजे, तुझं एका बाजूला जायचं. हे दोन्हीकडे सारखं होतं, अगदी हलकं, माझ्या हाताचं.

“हाव, मावशी,” मी म्हणाले. “हासून राहिली.”

तिने पदर डोळ्याला लावला.